पास देणारे

खेळाडूच्या आठवणींत त्याला हेरणारा गुरू हमखास असतो. मलाही होता, पण मला हेरायला फार नजर लागत नव्हती. बारावीतच माझी उंची सहा फूट तीन इंच होती आणि गर्दीत आई मला मानेवरून ओळखायची. सरांचं माझ्यावरचं ऋण हेरण्याचं नाही, सोडण्याचं आहे. हाताशी असलेला एकुलता एक उंच पोरगा, त्याची खेळायची वर्षं शिल्लक असताना, त्यांनी आपणहून दुसऱ्या विद्यापीठात धाडला. लिहितोय म्हटल्यावर 'माझं नाव घातलंस तर याद राख' असा दम मिळाला, म्हणून इथे ते नुसते सर.

आमच्या नेवाशात बास्केटबॉल हा पाहुणा खेळ. तालुका उसाचा आणि कांद्याचा. पोरं खेळणार ती कबड्डी, खो-खो, आणि जत्रेच्या फडात कुस्ती. १८९१ साली अमेरिकेत जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकाने गॅलरीच्या कठड्याला पीचच्या टोपल्या ठोकून हा खेळ काढला. वाय.एम.सी.ए.वाल्यांनी तो भारतात आणला. मद्रासला त्यांनी १९२० साली काढलेल्या शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजातून पी.टी.चे शिक्षक देशभर गेले. नगरला लष्कराची छावणी आणि मिशनच्या जुन्या संस्था, त्यामुळे तिथे बोर्ड-रिंगचं नवल नव्हतं. नगर ओलांडून साठ किलोमीटर प्रवरेकाठी यायला मात्र या खेळाला बराच वेळ लागला. आमच्याकडे सिमेंटचा कोबा होता, दोन लोखंडी खांब, फळ्यांचे बोर्ड आणि बिनजाळीच्या रिंगा. रबरी बॉल कोब्यावर घासून इतका गुळगुळीत व्हायचा की घामेजल्या हातातून सुटायचा. कोर्टाजवळून जाणारी म्हातारी माणसं थबकून विचारायची, 'यात आऊट कधी होतो?'

सरांचा स्वभाव सांगायला एक गोष्ट पुरेशी आहे. २०१० साली बास्केटबॉलच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, फिबाने, तीन गुणांची रेषा सव्वासहा मीटरवरून ६.७५ मीटरवर नेली आणि रिंगखालचा समलंब चौकोन काढून साधा आयत आणला. मोठ्या स्पर्धांना नियम त्या हंगामापासून लागू, खालच्यांना दोन वर्षांची मुभा. नेवाशाच्या कोब्यावर ही मुभा कुणी तपासायला येणार नव्हतं. सरांनी तरी एका रविवारी रिंगच्या बरोबर खाली खिळा धरायला मला बसवलं, सुतळी मोजून ताणली, दुसऱ्या टोकाला खडू बांधून अर्धवर्तुळ काढलं आणि स्वतः उकिडवं बसून ऑइलपेंट मारला. कोपऱ्यात रेषा सरळ होते, कडेच्या रेषेपासून नव्वद सेंटिमीटर सोडून. तेही पट्टी लावून तपासलं. जुनी रेषा खरवडून निघेना, तेव्हा तिच्यावर सिमेंटच्या रंगाचा हात फिरवला. पेंटचे पैसे कुठल्या खात्यातून आले हे विचारायची आमची हिंमत नव्हती, पण खातं तसं होतंच कुठे? अर्धा मीटर म्हणजे काय ते पुढे कळलं. कित्येक आठवडे माझा शॉट रिंगच्या अलीकडेच पडायचा. विद्यापीठाच्या निवडीला गेलो तेव्हा जुन्या रेषेवर हात बसलेले बरेच जण तसेच कमी पडत होते.

टीम म्हणजे कोर्टवर लागतात ते पाच आणि वर दोघं राखीव, त्यातला एक कायम दूध घालायला गेलेला. बाकीचे चौघं माझ्यापेक्षा बुटके, पण पळायला कणखर. आमचा डाव ठरलेला: बॉल मिळाला की मला द्यायचा. मी टाकला की लोक माझं नाव घ्यायचे. दोन जणांनी घेरलेलं असताना मनगटाच्या झटक्याने बॉल माझ्या छातीशी आणून देणाऱ्याकडे कुणी बघायचं नाही. नगरच्या कॉलेजांपुढे आम्ही दर वर्षी हरायचो. मात्र पुणे विद्यापीठाची रीत अशी की आंतरमहाविद्यालयीन सामने झाले की सगळ्या कॉलेजांतून निवडून विभागाचा संघ होतो. नगर विभाग मग पुणे शहर, पुणे ग्रामीण आणि नाशिक यांच्याशी भिडतो, आणि त्यातून विद्यापीठाचा संघ निघतो. म्हणजे टीम हरली तरी एखादा पोरगा वर जाऊ शकतो. मी गेलो. चौघं तिथेच राहिले. शिडी चांगलीच आहे, फक्त ती एका वेळी एकालाच घेते.

विद्यापीठाच्या शिबिरात मला बूट मिळाले. माझा पाय बारा नंबरचा. नेवाशात तो नंबर ऐकून दुकानदार हसायचा, नगरहून मागवून देतो म्हणायचा आणि मागवत नसे. दहा नंबरात बोटं दुमडून खेळायचो. पुण्याच्या एका पोराने माझी काळी पडलेली नखं पाहिली आणि दुसऱ्या दिवशी आपला जुना जोड पिशवीत घालून आणला. 'टाच झिजलीये, पण पाय मावेल,' एवढंच बोलला. त्याचं इंग्रजी ऐकून मी तोवर त्याला लांबूनच नमस्कार करत होतो.

पदवी झाली २०१२ साली. इथेच एम.ए.ला नाव घालायचं आणि आणखी दोन वर्षं कॉलेजकडून खेळायचं, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, मीही. युनिव्हर्सिटी कलर मिळवलेला पोरगा कॉलेजात असला की अहवालात ओळ येते, फलकावर नाव चढतं. ग्रामीण कॉलेजातल्या क्रीडाशिक्षकाला वर्षभर मान वर करून फिरायला तेवढं पुरतं. सरांनी मला कोर्टाच्या पायरीवर बसवून विचारलं, 'आरं, इथं राहून दोन वर्षं काय करणार? तुला येतंय तेच मी परत शिकवणार. माझ्याकडचं संपलं.' मग म्हणाले, अमरावतीला जा.

अमरावती म्हणजे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. वैद्य बंधूंनी १९१४ साली काढलेली संस्था. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिचं पथक कबड्डीसारखे आपले खेळ तिथे दाखवून आलेलं. बी.पी.एड. तेव्हा एका वर्षाचं होतं, नंतर दोन वर्षांचं झालं. पण अमरावती म्हणजे दुसरं विद्यापीठ. नुसत्या टी.सी.वर भागत नाही, मायग्रेशन लागतं, मग तिकडची एलिजिबिलिटी. माझा अर्ज घेऊन सर स्वतः एस.टी.ने पुण्याला गेले. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी टी.सी. लिहिता लिहिता विचारलं, 'सर, पोरगा जातोय आणि तुम्हीच धावपळ करताय?' सर म्हणाले, 'शाई सुकू द्या, नीट घडी घाला.'

अमेरिकेत याच्या उलट चालायचं, हे मी पुढे वाचलं. तिथे पदवी झाल्यावर वर्ष शिल्लक असलेला खेळाडू पुढच्या शिक्षणासाठी दुसऱ्या विद्यापीठात जाऊन लगेच खेळू शकतो, आणि असे बरेच जातात. पण २०१८च्या ऑक्टोबरात ट्रान्सफर पोर्टल सुरू होईपर्यंत, शिष्यवृत्तीवर जायचं तर नव्या ठिकाणी बोलणी करायलाही जुन्या विद्यापीठाची परवानगी लागे, आणि काही प्रशिक्षक ती अडवून धरत. कुठे जायचं नाही याच्या याद्या देत. इथे एकाही खेळाडूला शिष्यवृत्ती न देणारा माणूस आपल्या खर्चाने तिकीट काढून पोराचं मायग्रेशन आणत होता. तिथले प्रशिक्षक लाखो डॉलर घेतात म्हणे; घेऊ देत.

नेवासा फाट्यावरून रात्रीच्या गाडीने औरंगाबाद, जालना, मेहकर करत गेलो. नेवासा म्हटल्याबरोबर खोलीतल्या वऱ्हाडी पोरांनी विचारलं, 'ज्ञानेश्वरांचा पैस खांब तुमच्याच गावचा न बे?' वर माझी उंची. संध्याकाळपर्यंत माझं नाव 'पैस' पडलं, आणि आजही अमरावतीहून फोन आला की पलीकडचा पैसभाऊ म्हणतो. तिथे वीस-वीस पोरं पहाटे मैदानावर असायची आणि त्यातली अनेक माझ्याएवढी उंच होती. पहिल्या महिन्यात मला बॉल मिळालाच नाही. मग पास द्यायला शिकलो. तोवर मला कधी द्यावा लागला नव्हता.

त्या हंगामात अमरावतीच्या रंगात पुण्याविरुद्ध उभा राहिलो, तर माझ्यावर मार्किंगला बूटवाला. त्याने खाली पाहिलं, तेच बूट. म्हणाला, 'परत दे.' पूर्वार्धात त्याने मला दोन बास्केट करू दिल्या असतील-नसतील. आम्ही हरलो.

नेवाशाच्या कॉलेजची टीम त्या वर्षी उतरलीच नाही. उंच पोरगा नाही म्हटल्यावर नवीन कुणी येईना, चौघांतले दोघं कामाला लागले आणि पाचाचा आकडा जुळेना. सरांनी फोनवर यातलं काही सांगितलं नाही. ते माझा फ्री थ्रोचा टक्का विचारत राहिले. मला कळलं ते आमच्या पॉइंट गार्डकडून, दिवाळीला घरी आल्यावर. तो तेव्हा चिडला होता. 'सरांनी तुला पाठवलं ते बरोबर. पण पाठवला आमच्या जिवावर,' म्हणाला. यावर मी तेव्हा काही बोललो नाही आणि आजही माझ्याकडे उत्तर नाही. अमरावतीने मला नोकरीपर्यंत पोचवलं, त्याचे आभार मी कार्यक्रमांत मानतो. या चौघांचे मानायला कुठला कार्यक्रम असतो?

पॉइंट गार्डचं आता फाट्यावर ट्रॅक्टरच्या पार्टचं दुकान आहे. गेल्या सुगीत वडिलांच्या ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पाइप घ्यायला गेलो. त्याने चहा मागवला, सरांची खुशाली सांगितली (गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, तरी शाळेच्या पोरांना शिट्टी मारत असतात) आणि बिल केलं. एक रुपया कमी नाही. मी म्हटलं, लेका, जुना दोस्त, थोडं तरी बघ.

'तीन वर्षं पास दिलेत,' तो पाइप कागदात गुंडाळत म्हणाला, 'त्याचं बिल अजून केलेलं नाही. ते करू का?'

मी पैसे मोजले.