तातांना मराठी येतं का?

तुळशीचे लग्न झाले की आमच्या घरचा आकाशकंदील उतरवून माळ्यावर जातो. दोन वर्षांपूर्वी तो काढायला मी स्टुलावर चढलो, तर सहा वर्षांची नात खालून स्टूल हलवू लागली. शेजारच्या तातय्यांच्या दारात आता कागदाची चांदणी लागणार, मग आपलाच कंदील का काढायचा, असा तिचा सवाल. मी मुख्याध्यापक असलो तरी यावर उत्तर सुचले नाही. कंदील राहिला.

आमची बेल्लमपल्ली कोळशाची. माझे वडील राजुऱ्याहून सिंगरेणी कंपनीच्या नोकरीसाठी इकडे आले, तेव्हा राजुराही याच आदिलाबाद जिल्ह्यात होते. 1956 साली तो तालुका मुंबई राज्यात गेला, आम्ही इथे राहिलो. 2014 साली राज्य बदलले, 2016 साली बेल्लमपल्ली आदिलाबाद सोडून मंचिर्याल जिल्ह्यात गेली. घर तेच, पत्ते मात्र बदलत गेले. शेजारही तोच आहे. भिंतीपलीकडचे तातय्या खाणीतून निवृत्त झालेले तेलुगू ख्रिस्ती गृहस्थ. आमचा फराळ तिकडे जातो आणि नाताळात त्यांच्याकडचा केक इकडे येतो. कोणाचे ताट रिकामे परत जात नाही.

हे तातय्या दर वर्षी 24 डिसेंबरच्या रात्री लाल झगा आणि कापसाची दाढी लावून चर्चमधल्या तरुणांबरोबर कॉलनीभर फिरतात. मुले 'क्रिसमस तात' म्हणून ओरडत मागे धावतात. तेलुगूत तात म्हणजे आजोबा. चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातील मायरा गावी निकोलस नावाचा एक बिशप होता. त्याच्या दानशूरपणाच्या कथा देशोदेशी फिरत त्याचा सांताक्लॉज झाला, आणि आमच्या कोळशाच्या गावात पोहोचेपर्यंत तो चक्क नात्यातला म्हातारा झाला.

आता खरे सांगायचे तर मला हे प्रकरण फारसे रुचत नव्हते. नाताळाबद्दल तक्रार नव्हती. पण मुलांशी खोटे बोलू नये, हे मी तीस वर्षे पालकसभेत सांगत आलो. नातीला 'तात खरेच येतात' असे कोणत्या तोंडाने सांगू? हे घरात बोलून दाखवले, तर सौ. म्हणाल्या, "अहो, आपला बंड्या जेवत नसताना रोज बागुलबुवा कोण बोलवत होतं?" मी वर्तमानपत्र उघडले.

डिसेंबरात नात तातांना पत्र लिहायला बसली. बघतो तर अक्षरे तेलुगू. तिच्या शाळेत इंग्रजी आणि तेलुगू, मराठी काय ती संध्याकाळी माझ्यापुढे पाटीवर. "मराठीत लिही की," मी म्हणालो. तिने मान वर केली. "तातांना मराठी येतं का?"

प्रश्न साधा होता, पण मला लागला. सीमाभागातल्या घरांना ही वाटणी ठाऊक आहे. गणपतीशी मराठी, बाईंशी इंग्रजी, दुकानात तेलुगू. पोर वाढते आणि तिच्या जगातली एकेक खोली परभाषेत जाते. आणि आता ज्याच्याकडे मागणे मागायचे तोही परभाषेतला! मी तिला गोष्ट सांगितली. थॉमस स्टीफन्स नावाचा एक इंग्रज पाद्री 1579 साली गोव्याला आला, आपली भाषा शिकला, आणि 1616 साली त्याचे 'क्रिस्तपुराण' छापून निघाले. ख्रिस्ताची सगळी कथा मराठी ओव्यांत, अकरा हजारांच्या आसपास. 'नाताळ' हा आपला शब्दही गोव्याच्या पोर्तुगिजांकडून आलेला. एवढे सगळे ऐकून तिने निष्कर्ष काढला, "म्हणजे येतं." कागद उलटून ती माझ्याकडे पाठ करून बसली. पत्र मला दाखवले नाही. तातय्या चर्चला जातात, ते पोहोचवतील, म्हणून त्यांच्याकडे दिले.

तिसऱ्या दिवशी रात्री तातय्या आले. कागद पुढे करून हळूच म्हणाले, "सार, इदि कोंचम चदवंडी." जरा वाचून द्या. दुसऱ्याचे पत्र वाचावे की नाही, या विचारात मी क्षणभर थांबलो, मग वाचले. वेलांट्या सगळ्या चुकलेल्या. "तात, मला डोक्यावरचा दिवा पाहिजे. शेजारच्या तातय्यांना होता तसा. त्यांनी तो कंपनीला परत दिला. म्हणून दोन आणा. एक त्यांना."

मी तेलुगूत सांगितले. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग लॅम्परूमबद्दल बोलले. पाळीला जाताना आपल्या नंबराचा दिवा घ्यायचा, कमरेला बॅटरी, टोपीवर दिवा, मधून वायर. वर आल्यावर तो परत द्यायचा. इतकी वर्षे डोक्यावर दिवा होता, पण घरी एकही आला नाही. पोरीला ही गोष्ट आपण कधी सांगितली, हेही त्यांना आठवेना.

रविवारी आम्ही दोघे मंचिर्यालला गेलो आणि डोक्याला पट्ट्याने बांधायच्या दोन बॅटऱ्या घेतल्या. पैसे कोणी द्यायचे यावर दुकानात वाद झाला. शेवटी एकेक घेतली.

24 तारखेच्या रात्री तात आले, नाचले आणि झोळीतून दोन्ही दिवे काढले. नातीने एक डोक्याला लावला आणि दुसरा त्यांच्याच हातात परत दिला. "हा तातय्यांचा. विसरू नका." दाढीआडून होकार आला.

झोपताना तिने विचारले, "आजोबा, क्रिसमस तातांच्या हातावर पण निळी रेघ आहे. तेही खाणीत होते?"

जखमेत कोळशाची पूड राहिली की कातडीखाली अशी निळी रेघ उमटते. ती जन्मभर जात नाही.

"होते," मी म्हणालो.

ती पुढे काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहतो तर तातय्या डोक्याला दिवा बांधून नळाची तोटी दुरुस्त करत होते.

आता ती आठ वर्षांची आहे. यंदा माळ्यावरून कंदील काढताना मी सहज विचारले, पत्र लिहिणार का? म्हणाली, "लिहिणार. पण या वेळी तुम्ही वाचून नाही द्यायचं. तातय्यांना मी शिकवतेय. ते 'ट'पर्यंत आलेत."