अर्धा क्लच

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला माझा एक शाळूमित्र मध्यंतरी ठाण्यात आला होता. टेंभी नाक्यावरच्या आमच्या घरी जेवायला आला, तेव्हा त्याने फोनमधले एक छायाचित्र मोठ्या कौतुकाने दाखवले. लाल रंगाची फेरारी, 360 मोडेना. आपल्याकडे हे नाव घरोघरी पोचले ते सचिन तेंडुलकरमुळे. 2002 साली त्याला भेट मिळालेली गाडी याच जातीची. मित्राची गाडी अर्थातच जुनी, तिसऱ्या की चौथ्या हाताची. पण तिच्यात हाताने टाकायचे गिअर होते, आणि केवळ तेवढ्यासाठी त्याने नेहमीच्या 360 पेक्षा बरीच अधिक रक्कम मोजली होती.

बाबा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, "म्हणजे गिअर टाकायचे कष्ट आपण घ्यायचे, आणि वर पैसेही आपणच जास्त द्यायचे?"

आम्ही हसलो. मित्र मात्र गंभीरपणे म्हणाला, "काका, मी गिअर टाकायला तुमच्याच फियाटवर शिकलो." आणि मग त्याने मला तो प्रश्न विचारला, जो त्याने विचारू नये असे मला मनापासून वाटत होते. "त्या गाडीचं काय केलंत रे?"

त्याचे उत्तर देण्याआधी त्याच्या गाडीविषयी थोडे सांगायला हवे. फेरारीने 1997 साली 355 या गाडीत प्रथमच शर्यतीच्या गाड्यांसारखी गिअरपेटी दिली. क्लचचे पेडल नाही; स्टिअरिंगमागच्या दोन पट्ट्या बोटांनी ओढायच्या, बाकीचे काम यंत्र करणार. 360 मध्ये या सोयीसाठी नव्या गाडीच्या गिऱ्हाइकाला जास्त पैसे मोजावे लागत, आणि बहुतेकांनी ते आनंदाने मोजले. जे उरले, त्यांनी जुनाट पद्धतीची, धातूच्या उघड्या खाचांतून दांडा सरकवायची गाडी घेतली. पुढे फेरारीने हाताचे गिअर बंदच केले. 599 या गाडीच्या तर अशा जेमतेम तीसएक प्रती निघाल्याचे सांगतात. आज बाजारात नेमक्या याच गाड्या चढ्या भावाने जातात. नवी असताना जी स्वस्त होती ती महाग झाली आणि जी महाग होती ती मागे पडली.

याचे एक कारण मला पटते. पट्ट्यांची ती पहिली गिअरपेटी वेगासाठी बनली होती, आणि वेगाच्या स्पर्धेत पुढची पिढी मागचीला हरवतेच. दोन क्लचच्या गिअरपेट्या आल्यावर ती धक्के देणारी, क्लच लवकर झिजवणारी म्हणून ओळखली जाऊ लागली. हाताचा दांडा त्या स्पर्धेत मुळी नव्हताच. जो शर्यतीत उतरला नाही, त्याला कोण हरवणार?

पण दुसरे कारण इतके गोड नाही. 2016 मध्ये पोर्शने 911 आर नावाची गाडी काढली. फक्त हाताचे गिअर, फक्त 991 गाड्या. हातोहात तिचे भाव मूळ किमतीच्या कित्येक पट झाले. लोक म्हणाले, हा चालवण्याच्या कलेचा गौरव आहे. पुढच्याच वर्षी पोर्शने जीटी3 या गाडीत हाताचे गिअर पुन्हा देऊ केले, आणि 911 आरचे भाव घसरले. कला तीच होती, दांडा तोच होता. कमी झाली होती ती दुर्मीळता.

आता आमची गाडी. 1979 सालची प्रीमियर पद्मिनी. तिला घरात सगळे फियाटच म्हणत. गिअरचा दांडा जमिनीवर नव्हे, तर स्टिअरिंगच्या दांड्यालाच डावीकडे बसवलेला. बाबांनी मला आणि या मित्राला त्या गाडीवर शिकवले ते रिकाम्या मैदानात नव्हे, तर नवरात्राच्या दिवसांत, टेंभी नाक्यावर देवीच्या दर्शनाला लोटलेल्या गर्दीच्या कडेकडेने. ब्रेकवर पाय ठेवायचा नाही, अर्ध्या क्लचवर गाडी धरायची, असा त्यांचा दंडक होता. "इंजिन काय म्हणतंय ते पायाला कळलं पाहिजे," असे ते म्हणत. कोपरीच्या पुलाच्या चढावर त्यांनी मला एका संध्याकाळी सात वेळा गाडी थांबवून पुन्हा उचलायला लावली होती. आठव्या वेळी गाडी तसूभरही मागे गेली नाही, तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. ती शाबासकी होती.

2006 साली मी ती गाडी अठरा हजारांना भंगारात दिली. सुटे भाग मिळेनात, उभी करायला जागा नव्हती, कारणे सगळी खरी होती. बाबांना विचारले तेव्हा ते "तू म्हणशील तसं" म्हणाले, आणि मी ते शब्दशः घेतले. मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली, तेव्हा वर्तमानपत्रांत किती हळहळ व्यक्त झाली! आज नीट राखलेल्या पद्मिनीला शौकीन लोक मी घेतलेल्या रकमेच्या अनेक पट देतात. पण त्यांना तो भाव का आला? माझ्यासारख्या हजारोंनी आपापल्या गाड्या मोडीत काढल्या म्हणून. उरलेल्यांच्या किमतीत आमच्या निष्काळजीपणाचाही वाटा आहे. फेरारीचेही तेच. बहुसंख्यांनी पट्ट्या निवडल्या नसत्या, तर मित्राच्या दांड्याला कोणी विचारले नसते.

मी आता स्वयंचलित गाडी चालवतो. ठाण्याच्या वाहतुकीत डाव्या गुडघ्याने तसा निर्णय दिला. पहिल्याच आठवड्यात सिव्हिल हॉस्पिटलच्या वळणावर मी सवयीने डावा पाय क्लचसाठी दाबला, तो रुंद ब्रेकवर पडला, गाडी जागच्या जागी थांबली आणि मागून रिक्षा आदळली. रिक्षावाल्याने जे उद्गार काढले ते रास्तच होते. बाबा शेजारी होते. ते एवढेच म्हणाले, "पाय विसरला नाही अजून."

मित्राला मी खरे उत्तर दिले. तो काही बोलला नाही. निघताना बाबांना म्हणाला, "काका, तिकडे आलात तर गाडी तुम्ही चालवायची." बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, ते जाणार नाहीत हे तिघांनाही ठाऊक होते. तरीही त्यांनी विचारले, "क्लच जड आहे का रे?"

"जड आहे," मित्र म्हणाला.

"मग बरं," बाबा म्हणाले.

गाडीला पुनर्विक्रीचे मूल्य असते. ती चालवण्याच्या हाताला आणि पायाला ते नसते. ते फक्त कोणाला तरी शिकवून देता येते. बाबांनी ते दोघांना दिले. एकाने ते सांभाळण्यासाठी फेरारी घेतली. दुसऱ्याने अठरा हजार घेतले, आणि पावतीवर सही करताना बाबांकडे पाहिलेही नाही.