एका पायावर एक मिनिट

आधी तोल, मग हालचाल. प्राथमिक वर्गांना शारीरिक शिक्षण देताना बरीच वर्षं मी हाच क्रम पाळला. मूल एका पायावर नीट उभं राहू लागलं की त्याला रेषेवरून चालवायचं. चालणं जमलं की लंगडी, लंगडी जमली की वळणं. हा क्रम निसर्गानेच घालून दिला आहे असं मला वाटायचं आणि त्याच्या बाजूने मी सहकाऱ्यांशी हिरिरीने वादही घातले आहेत. आज माझं मत तसं राहिलेलं नाही. ते का पालटलं, हे त्यांना तरी सांगायला हवं.

मी बेळगावची. व्यायाम म्हणजे सावधान, सूर्यनमस्कार, वृक्षासन. न हलता उभा राहतो तो खरा, हे लहानपणीच अंगात मुरलेलं. बंगळुरात शिकवायला आले तेव्हा या समजुतीला जागेचीही साथ मिळाली. इथल्या पुष्कळ शाळांसारखीच आमची शाळा: मैदान म्हणावं असं मैदान नाही, इमारत आणि कंपाउंडच्या भिंतीमधली फरसबंद पट्टी आणि वर गच्ची. एवढ्याशा जागेत अख्खा वर्ग एका पायावर उभा केला की कुणी कुणाला धडकत नाही, आवाज होत नाही, मुख्याध्यापिका खिडकीतून बघून समाधानाने मान हलवतात. स्थिरता शिकवणं सोयीचं होतं, आणि ही सोयच मला बराच काळ शास्त्र वाटत राहिली.

त्यात ‘खेलो इंडिया’ची शालेय क्षमता-चाचणी आली. पहिली ते तिसरीच्या मुलांसाठी तिच्यात तीनच मापं आहेत: उंची-वजनावरून काढलेला बीएमआय, प्लेट टॅपिंग आणि फ्लेमिंगो. फ्लेमिंगोत मूल अरुंद पट्टीवर एका पायाने उभं राहतं, दुसरा पाय मागे दुमडून हाताने धरतं. एका मिनिटात तोल किती वेळा गेला ते शिक्षक मोजतात. चाचणी सोपी आहे, स्वस्त आहे, देशभर सारखी घेता येते. ती मला आवडली आणि हळूहळू माझे तासही तिच्यासारखेच होत गेले.

तिसरीतली एक मुलगी या चाचणीत पुन्हा पुन्हा पट्टीवरून उतरायची. माझ्या वहीत तिच्या नावापुढे ‘तोल कच्चा’ असं लिहिलेलं होतं. तीच मुलगी मधल्या सुट्टीत कुंटे बिल्ले खेळताना मी पाहिली. आपली ठिकरी, जवळजवळ तशीच: खडूने आखलेली घरं, एक चपटा दगड. ती एका पायावर उड्या मारत शेवटच्या घरापर्यंत गेली, हवेतच वळली, परत येताना वाकून दगड उचलला आणि रेषेला पाय न लावता बाहेर आली. वाकताना मागचा पाय आपसूक वर गेला होता, हात पंखासारखे पसरले होते, नजर पुढच्या घरावर होती. मी जे कौशल्य तिच्यात नाही असं लिहून ठेवलं होतं, त्याहून कितीतरी अवघड कौशल्य ती सहज करत होती. मला पाहून ती कन्नडमध्ये ओरडली, ‘मिस, नोडी!’ म्हणजे बघा. मीही पाहतच राहिले.

त्यानंतर मी वाचायला घेतलं. ड्रोवाट्स्की आणि झुकॅटो या अमेरिकन अभ्यासकांनी 1967 मध्येच स्थिर तोलाच्या आणि हलत्या तोलाच्या वेगवेगळ्या चाचण्या एकमेकींशी ताडून पाहिल्या होत्या. त्यांचं परस्परांशी नातं फारच थोडं निघालं. म्हणजे ‘तोल’ नावाची एकच शिल्लक शरीरात साठत जाते आणि ती कुठेही खर्च करता येते, असं नाही. उभं राहण्याचा सराव केला तर मूल उभं राहायला शिकतं. धावता धावता वळायचं कसं, ते त्याला धावता धावताच शिकावं लागतं.

कानाच्या आतली रचना समजून घेतल्यावर तर माझ्या जुन्या तासांकडे पाहण्याची दृष्टीच बदलली. आतल्या कानात तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं फिरायला लागलं की त्यांतला द्रव मागे रेंगाळतो, फिरता फिरता थांबलं की तो पुढे सरकत राहतो, आणि मेंदूला वळणाची खबर मिळते. निश्चल उभ्या मुलाच्या या नलिकांना कळवण्यासारखं जवळजवळ काहीच नसतं. लहान मुलं तोलासाठी डोळ्यांवर फार विसंबतात. डोळे, कान आणि पायांच्या सांध्यांतून येणारी जाणीव यांचा मेळ घालण्याची क्षमता साधारण सात ते दहा या वयात मोठ्यांच्या जवळपास पोचते. म्हणजे नेमकी प्राथमिक शाळेची वर्षं. याच वर्षांत मी मुलांना हलू नका म्हणत होते.

माझा शेवटचा आधार मल्लखांब होता. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केलेली ही विद्या. तिच्यासाठी झटणाऱ्या उदय देशपांडे यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा मी वर्गात अभिमानाने सांगितलं होतं. खांबाच्या टोकावरची ती निश्चल आकृती माझ्या मताचा पुरावा आहे, असं मी म्हणत असे. पण नवशिक्या मुलांकडून करून घेतली जाते ती अढी. खांब हातांनी धरायचा, अंग उलटं करत वर न्यायचं आणि पायांनी खांबाला विळखा घालायचा. म्हणजे सुरुवातच हालचालीने. टोकावरची स्थिरता ही त्या साऱ्या हालचालीच्या शेवटी येते. आमच्याच मातीतला इतका स्पष्ट दाखला मी उलटा वाचला होता.

आता तास वेगळा असतो. फरशीवर खडूने नागमोडी रेषा. चाला, टाळी वाजली की पुतळा, पुन्हा टाळी, उलट दिशेला. तीन उड्या एका पायावर आणि तिसरीला थांबा. पाय बदला, कारण बहुतेक मुलांचा एक पाय लाडका असतो आणि दुसरा मागे पडतो. ठेंगण्या बाकावरून उडी, गुडघे सैल ठेवून उतरा, उतरल्या जागी थिजा. डोक्यावर डाळीची छोटी पिशवी ठेवून जोडीदाराला टाळी द्या आणि वळा. ‘हात खाली’ ही माझी जुनी आज्ञा मी सोडून दिली आहे. हात हे तोलाचं पहिलं अवजार आहे आणि मी ते काढून घेत होते. पायांकडे बघू नका, पुढे बघा, एवढं मात्र सतत सांगते.

थांबणं मी सोडलेलं नाही, हे मुद्दाम सांगते. वेगात आलेलं शरीर ठरलेल्या जागी रोखणं ही फार मोलाची गोष्ट आहे. फक्त ते थांबणं आता हालचालीच्या पोटातून येतं.

आणि हे शहर तर पावलोपावली याची परीक्षा घेतं. गटारांवर टाकलेल्या दगडी फरश्यांचे फुटपाथ, कुठे एक फरशी कलंडलेली, कुठे दुसरी गायब. पाठीवर दप्तर घेऊन मुलं त्यावरून रोज शाळेत येतात. सहलीला वर्ग लालबागेत नेते तेव्हा केंपेगौडांच्या मनोऱ्याकडे जाणाऱ्या त्या सुमारे तीनशे कोटी वर्षं जुन्या खडकावर मी मुलांना मुद्दाम चढवते आणि उतरवते. सपाट फरशीवर उत्तम उभी राहणारी काही मुलं तिथल्या उतारावर घाबरून बसूनच घेतात. त्यांना पाय थोडे रुंद टाकायला, गुडघे वाकवायला आणि तिरकं उतरायला शिकवावं लागतं. ऊन नसताना आणि खडक कोरडा असतानाच हे करावं. ओला खडक निसरडा होतो.

पालकांना पडण्याची धास्ती असते. ती मला समजते, म्हणून उडीची उंची मी गुडघ्याच्या वर जाऊ देत नाही, आणि ज्या मुलाला वयाच्या मानाने सगळ्याच हालचाली जड जातात त्याच्या घरी तज्ज्ञाला दाखवायला आवर्जून सांगते. पण मूल पडेल म्हणून त्याला उभंच करून ठेवा, ही मागणी मी आता मान्य करत नाही.

फ्लेमिंगो चाचणी मी अजूनही घेते. नोंद करायची म्हणून करते आणि तिच्या शेजारी माझ्या वहीत आणखी रकाने आखले आहेत: वळताना, थांबताना, उतरताना, उजव्या पायावर, डाव्या पायावर. पालकसभेला मी हीच वही पुढे ठेवते. त्या तिसरीतल्या मुलीच्या नावापुढचा जुना शेरा मी खोडला आणि तिथे ती काय काय करू शकते ते लिहिलं. डाव्या पायावर तिला अजून सराव हवा, हेही.