कैफियत आणि रुजुवात

माधवनगरात यंत्रमागांचा खडखडाट जिथवर ऐकू येतो तिथवर एखाद्याने 'कोचिंग' अशी पाटी लावली, तर येणारा-जाणारा पालक पहिला प्रश्न 'दहावीचं का बारावीचं?' असाच विचारतो. आणि मनुष्याला आपले खरे ध्येय कोणते हे त्याचे त्यालाच शोधू देण्याचा माझा व्यवसाय आहे, असे त्याला सांगितले, की तो क्षणभर माझ्याकडे, नंतर पाटीकडे पाहून 'मग फी कशाची?' असे विचारल्यावाचून राहत नाही. हा दुसरा प्रश्न मला नेहमीच अधिक योग्य वाटत आला आहे.

पहिल्या भेटीत मी येणाऱ्याची कैफियत ऐकून घेतो. कैफियत बहुधा सफाईदार असते, कारण ती त्याने घरी, सासुरवाडीत, मित्रांत अनेकदा मांडलेली असते, आणि जे वाक्य वारंवार उच्चारले जाते ते आपलेच आहे असा मनुष्याचा समज होऊन बसतो. म्हणून कैफियत लिहून घेऊन मी ती बाजूला ठेवतो आणि तीन आठवड्यांची रोजनिशी मागतो: कोणत्या वेळी काय केले, ते कुणी सांगितले म्हणून केले की आपण होऊन, आणि करताना घड्याळ किती वेळा पाहिले. मग कैफियतीची रोजनिशीशी रुजुवात घालायची. माझ्या शास्त्राचे सार एवढेच आहे.

काही वर्षांपूर्वी एक यंत्रमागधारक गृहस्थ आले. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) वय अडतीस, चोवीस माग, आणि कैफियत अशी की पाच वर्षांत त्यांचे अठ्ठेचाळीस करावयाचे आहेत, ते जमत नाही म्हणून झोप उडाली आहे. तीन आठवड्यांनी त्यांनी जी वही पुढे ठेवली ती कापडाच्या हिशेबाची लाल चोपडी होती आणि तिच्या पाठकोऱ्या पानांवर पेन्सिलीने नोंदी केल्या होत्या. सूत-व्यापाऱ्याकडे जाणे तीनदा पुढे ढकललेले. बँकेचा अर्ज अर्धवट. आणि एका रात्रीची नोंद अशी: 'शेजाऱ्यांचा जॉबर आजारी. त्यांचा माग खोलला. धोटा अडकत होता. पोरग्याला दाखवलं. साडेअकरा वाजले.' अशा नोंदी एकवीस दिवसांत नऊ होत्या आणि त्यांपैकी एकीचाही मोबदला जमेस धरलेला नव्हता.

मी त्यांना विचारले, "अठ्ठेचाळीस माग झाले, पण ही गोष्ट तुमच्या भाऊबंदांपैकी कुणालाही कधी कळणार नाही, अशी अट घातली तर?"

बराच वेळ ते चोपडीचा कोपरा दुमडत बसले. मग एकदम हसून म्हणाले, "मग कशाला करू, सर?"

रॉचेस्टर विद्यापीठातील एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणांची जी प्रतवारी लावली, तिच्यात लाजेने वा अपराधभावाने आत शिरलेली पण पुरती आपली न झालेली प्रेरणा ही एक निराळी पायरी मानली आहे. आपल्याकडे तिचे नाव भाऊबंदकी आहे, एवढेच.

लहानपणीचे स्वप्न म्हणजेच खरे ध्येय, असे हल्ली फार सांगितले जाते. मला ते पटत नाही. माधवनगरच्या स्टेशनावरून पुण्याकडे जाणारी गाडी धरली, की नांद्रे, भिलवडी, आमणापूर ओलांडल्यावर किर्लोस्करवाडी लागते. जी वाडी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर वसविली, तिचे हे संस्थापक मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकार व्हावयास गेले होते, आणि काही रंग त्यांच्या डोळ्यांना वेगळे ओळखता येत नाहीत असे आढळल्यामुळे त्यांना रंगकाम सोडावे लागले. परंतु रेषा राहिली, ती यंत्रांच्या आराखड्यांत उतरली, आणि पुढे लोखंडी नांगर झाली. ध्येयाचे नाव गेले, हाताचा पिंड राहिला. कर्मवीर भाऊराव पाटलांचेही असेच. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत गावोगाव हिंडणाऱ्या या विक्रेत्याची त्या काळातली कैफियत कुणी घेतली असती, तर तीत कदाचित विक्रीचेच आकडे आले असते. पण १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था काढण्याच्या आधीच दुधगावच्या विद्यार्थी आश्रमाच्या उभारणीत त्यांचा हात लागला होता, आणि १९२४ साली साताऱ्यात जे वसतिगृह उभे राहिले त्याची नोंद, रोजनिशी असती तर, तिच्यात फार पूर्वीपासून सापडली असती.

या रुजुवातीला मर्यादा आहेत, आणि त्या मी उशिरा शिकलो. ज्याचा सारा दिवस पोटासाठी गहाण पडला आहे, त्याच्या रोजनिशीत त्याचे ध्येय शोधू जाणे हा निव्वळ क्रूरपणा होय. आणि ज्याला कशातच गोडी उरलेली नाही, त्याला वही न देता मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी द्यावी लागते. आरंभीच्या काळात तर मी दुसऱ्याच दिवशी ध्येय कागदावर उतरवून घेत असे. त्या घाईत एका शिक्षिकेला मी स्पर्धापरीक्षेच्या वाटेला लावले. ती उत्तीर्ण झाली, पेढे घेऊन आली, आणि पेढ्यांचा पुडा माझ्या मेजावर ठेवून, वर्गातली मुले आठवतात म्हणून रडू लागली. तिची रोजनिशी मी मागितलीच नव्हती.

लक्ष्मीपूजनाला आमच्या पेठेत अजूनही चोपड्यांची पूजा होते. ते यंत्रमागधारक गृहस्थ त्या सकाळी एक चोपडी मला दाखवायला आणतात. माग चोवीसच आहेत. रविवारी सकाळी चार पोरे जॉबरचे काम शिकायला येतात, त्यांची नावे आणि हजेरी त्या चोपडीत असते. त्या गृहस्थांचे वडील मात्र मी रस्त्यात दिसलो की अजून मान फिरवतात.