दिवस माझा, रात्र त्याची

वडील गेले त्या वर्षी आम्ही दोघा भावांनी वावर वाटून घेतलं नाही. वाटून घेतले ते दिवस आणि रात्र. मी तिवस्याला शाळेत विज्ञान शिकवत होतो. धाकटा गावात राहून शेती पाहायचा. कुऱ्ह्याच्या रस्त्याला आमची विहीर, भोवती संत्र्याची बाग आणि रब्बीत हरभरा. बियाणं, खत, मजुरांचे हिशेब आणि बाजार समितीत माल नेणं माझ्याकडे, ओलित त्याच्याकडे. यावर वाद झाला नाही, कागदही झाला नाही. मी सांगितलं आणि त्यानं "हाव" म्हटलं.

ओलित म्हणजे रात्र, हे मला पक्कं ठाऊक होतं. शेतीची थ्री फेज लाईन काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. दिवसाची पाळी बरेचदा फेज जाण्यात आणि डीपी जळण्यात वाया जायची. भिजवणं खरं व्हायचं ते रात्रीच. थंडीत स्प्रिंकलरचे ओले पाईप सोडवायचे, चिखलातून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, पुन्हा जोडायचे. मधल्या दोन-तीन तासांत झोपडीत जरा आडवं व्हायचं, तेही मोटरच्या आवाजाकडे एक कान ठेवून. ओलिताचे दिवस नसले की जागल. रोही आणि रानडुकरं एका रात्रीत तुरीचं वाटोळं करतात, म्हणून डबे वाजवत बसायचं. सकाळी मजूर आले की तो पुन्हा धुऱ्यावर उभा.

मी साडेदहाला झोपायचो आणि पाचला उठायचो. गुरुकुंज मोझरीचा आश्रम हाकेच्या अंतरावर, त्यामुळे पहाटे उठण्याचं वळण लहानपणापासूनचं. शाळेच्या सुविचाराच्या फळ्यावर 'लवकर निजे, लवकर उठे' माझ्याच हातचं असायचं. अक्षर माझं चांगलं होतं.

वडिलांना शुगर होती, आत्याला होती. आजीला तपासलं कोणी नाही, पण शेवटी तिच्या पायाची जखम भरली नव्हती. त्यामुळे 'आपल्या रक्तातच आहे' हे वाक्य आमच्या घरात आडनावासारखं चालत आलेलं. मी ते जास्त ठसक्यात बोलायचो, कारण दहावीला आनुवंशिकता शिकवायचो. मेंडेलचे वाटाणे, उंच आणि बुटके, तीनास एक. मधुमेहही मी त्याच हिशेबात बसवला होता: चिठ्ठी निघाली तर निघाली. एकदा गोष्ट रक्तावर ढकलली की आपल्याला काही करावं लागत नाही. माझ्या विज्ञानाचा मला झालेला हा सर्वांत मोठा फायदा.

प्रत्यक्षात टाईप टू मधुमेह वाटाण्यासारखा वागत नाही. २००६ साली मधुमेहाशी संबंध सापडलेलं टीसीएफ७एल२ हे जनुक त्यातल्या त्यात वजनदार, बाकीच्यांचा वाटा चिमूटभर. २०२४ साली पंचवीस लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून जो अभ्यास झाला, त्यात जनुकसंचातल्या अशा सहाशेहून जास्त जागा निघाल्या. म्हणजे रक्तात येतो तो कल, आजार नव्हे. त्या कलावर पुढे काय काय लादलं जातं, यावर बरंच ठरतं. हे मी निवृत्तीच्या आसपास वाचलं. शिकवून मात्र पंचवीसहून जास्त बॅचेस बाहेर पडल्या होत्या.

दुसरा गैरसमज पोटाचा. शुगर ढेरपोट्यांना होते, अशी माझी खात्री होती आणि धाकटा तर सडपातळ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये जॉन युडकिन या इंग्लंडमधल्या सहकाऱ्याशेजारी उभा राहिलेला स्वतःचाच फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. दिसायला बारीक आणि आतून चरबीचा, असा आपला बांधा. तो फोटो छापून आला तेव्हा धाकटा तिशीत होता आणि हरभऱ्याला रात्रीचं पाणी देत होता.

आता त्या सकाळबद्दल. २०१३ चा डिसेंबर असावा. मी रविवारी वावरात गेलो. तो रात्रभर पाईप बदलून आलेला, खाटेवर बसून चहा पीत होता. चहात साखर भरपूर, जागरणाला तेवढाच आधार. त्यानं पाय वर घेतला तेव्हा मला चप्पल दिसली. बाभळीचा काटा चपलेच्या तळातून आरपार टाचेत गेलेला. चप्पल पायाला टाचल्यासारखी झाली होती आणि कडेला रक्त वाळून काळं पडलं होतं.

"अबे, काटा हाय ना पायात तुह्या!"

"हाय काय? समजलंच नाही मले."

त्यानं काटा उपटला, दिव्याचं तेल लावलं आणि उरलेला चहा प्यायला. मी हसलो. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हा किस्सा मी कौतुकानं सांगितला: असे असतात शेतकऱ्याचे पाय, नाहीतर आपण, खडा टोचला तरी कळवळतो. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या खोलीत विज्ञानाचे दोन शिक्षक होते. बधिर पाय हा मधुमेहानं नसा गेल्याचा पुरावा असू शकतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही. दुसऱ्याचं सोडा, माझ्या घरात शुगर होती.

त्याच हिवाळ्यात त्याच्या बायकोनं माझ्या बायकोजवळ निरोप दिला होता. आमच्याकडे ती पिढी भासऱ्यासमोर तोंड उघडत नाही, म्हणून निरोप. ह्यांचा करदोडा ढिला होऊन खाली घसरतो, तांब्याभर पाणी पितात आणि तासाभरात पुन्हा तहान लागते. मी सांगितलं, राबतो माणूस, वाळणारच. तूप वाढ म्हणावं.

लघवीला रात्री वारंवार उठावं लागणं ही मधुमेहाची ठळक खूण. पण उठतो तो, जो झोपलेला असतो. धाकटा जागाच असल्यामुळे ही खूण घरात कोणाला दिसलीच नाही. तहान मेहनतीवर गेली, वाळणं कष्टावर गेलं, थकवा जागरणावर गेला. त्याच्या आजाराला लपायला मी नेमून दिलेलं काम फार सोयीचं पडलं.

पुढच्या वर्षी अंगठ्याजवळची जखम भरेना, तेव्हा त्याला अमरावतीला नेलं. उपाशीपोटी साखर २८० च्या वर. डॉक्टर म्हणाले, हे आजचं नाही, बऱ्याच वर्षांचं आहे. तो एक्केचाळीस वर्षांचा होता. वडिलांना निघाली तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. जखमेनं दोन बोटं घेतली, मग डोळ्यांना लेझर झालं आणि या सगळ्यात विहिरीकडचं दोन एकर वावर विकावं लागलं. सातबारा दोघांच्या नावावर होता, त्यामुळे सही मीही केली.

त्यानंतर मी वाचायला लागलो. अपराधी माणूस वाचतो तो सुटकेसाठी, हेही सांगून टाकतो. पहिली सुटका मला लवकर सापडली. धाकटा बहात्तरच्या दुष्काळात आईच्या पोटात होता आणि त्र्याहत्तरला जन्मला. याज्ञिकांच्याच चमूनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या बाळांचं ३.५. आपली बाळं हलकी, पण चरबी त्या मानानं राखून आलेली. पोटातली उपासमार पुढे मधुमेहाची वाट सोपी करते, असं हे शास्त्र सांगतं. मला हायसं वाटलं. दोष रक्ताचा नव्हता तर दुष्काळाचा होता. माझा कुठेच नव्हता. काही दिवस मी हे पाहुण्यांना सांगितलंसुद्धा.

मग दुसरे कागद हाती आले. १९९९ साली शिकागो विद्यापीठात अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री चार-चार तासच झोपू दिलं. भरपूर झोपेनंतरच्या मानानं त्यांच्या रक्तातली साखर हटण्याचा वेग जवळपास ४० टक्क्यांनी मंदावला. हे धडधाकट तरुण होते आणि झोप भरून काढल्यावर सावरले. धाकट्याला ती भरून काढायला कोणी दिली नाही. २००९ मध्ये एमटीएनआर१बी या जनुकाचा मधुमेहाशी संबंध जुळला. रात्र झाली की शरीरात मेलाटोनिन वाढतं आणि स्वादुपिंडाला जणू दुकान बंद करायला सांगतं. हा निरोप ऐकणारा ग्राही (रिसेप्टर) हे जनुक घडवतं. काहींच्या जनुकात असा बदल असतो की निरोप जास्तच जोरात पोहोचतो आणि इन्सुलिन आखडतं. अशा लोकांनी उशिरा जेवलं तर साखर अधिक बिघडते, हे २०२२ साली स्पेनमधल्या ८४५ जणांच्या अभ्यासात दिसलं. धाकट्याची शिदोरी पहिले पाईप बदलून झाल्यावर, रात्री एकच्या सुमारास सुटायची.

आमच्या रक्तात तो बदल आहे का, कोणी तपासलेलं नाही. एका माणसाच्या बाबतीत कशाचा वाटा किती, हे कोणताही अभ्यास सांगत नाही. दुष्काळ असेल, वडिलांकडून आलेलं असेल, चहातली साखर असेल, जागरण असेल. पण या यादीत माझ्या हातात असलेली गोष्ट एकच होती. मजूर लावता आला असता, पाळी बांधता आली असती, महिन्यातल्या काही रात्री मी जाऊ शकलो असतो. आणि शंभरेक रुपयांची रक्ततपासणी तर तिवस्यातच होत होती.

एकदा हे सगळं मी त्याला सांगितलं, शिकागोसकट. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दादा, इतके पैशे लावून त्यायनं हेच शोधलं का, का झोप नाही झाली तं मानूस खराब होते? माह्या बायकोले इचारलं असतं."

शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून राज्यात २०१७ पासून सौर कृषी वाहिनीची योजना आहे. रात्रीच्या ओलितावर सभांमध्ये बोलणं होतं ते साप, विजेचा धक्का आणि विहिरीत पडणं यांवर. ते खरंच आहे. शुगरचा विषय तिथे निघालेला मी ऐकला नाही. उरलेल्या वावरात आम्ही सौर पंप बसवला. धाकटा आता रात्री घरी असतो. आधी त्याला झोपच येत नसे, अजूनही तीनला जाग येते. गोळ्या आणि इन्सुलिन चालू आहे.

निवृत्त झाल्यावर माझीही एचबीए१सी काढली. ६.२ आली, म्हणजे उंबरठ्यावर. रक्त दोघांचं एकच, हे त्यानं सिद्ध झालं. धाकट्यानं रिपोर्ट हातात घेऊन पाहिला आणि "साठीनंतर! तुह्यं बरं हाय," एवढंच म्हणाला.

त्याचा मुलगा पुण्यात एका कंपनीत आहे. गिऱ्हाईक अमेरिकेतलं, म्हणून काम रात्रीचं. दिवाळीला आला तेव्हा मी झोपेचं विचारलं. "सकाळी नऊ ते एक-दोन, कधी तेवढीही नाही," तो म्हणाला. वर हसून, "काका, आपल्या घरात कधी ना कधी येणारच आहे ना शुगर. रक्तातच आहे."

हे वाक्य त्यानं कोणाकडून उचललं, ते शोधायला मला लांब जावं लागलं नाही. भाऊबीज झाल्यावर त्याला उपाशीपोटी लॅबमध्ये नेलं. या वेळी रिपोर्ट ठीक आला. दिवसाची शिफ्ट मागावी की नाही यावर बापलेकाचं अजून भांडण चालू आहे. रात्रीचा भत्ता चांगला घसघशीत आहे, आणि पुण्यात भाडं भरायचं असतं.