व्यापाराचा पट

बुद्धिबळात राजाला कोंडीत पकडावे लागते; सारीपाटात सोंगटी घरी न्यावी लागते. जिंकणे म्हणजे काय, हे या खेळांत पहिल्याच दिवशी कळते. परंतु काही खेळ असे असतात की, त्यांचे नियम एका दुपारी समजतात आणि अर्थ मात्र पुष्कळ दिवसांनी उमगतो. ‘मोनोपॉली’ हा त्यांपैकीच एक. आपल्याकडे ‘व्यापार’ या नावाने मुलांच्या परिचयाचा असलेला खेळही याच पद्धतीचा आहे.

भुसावळहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, मलकापूरच्या अलीकडे, बोदवड हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे गाव आहे. भोवतालची जमीन काळी. दिवाळीच्या सुमारास शेते कापसाने पांढरी होतात. येथील मुलांच्या कानांवर ‘भाव’ हा शब्द फार लवकर पडतो. आज भाव काय निघाला, माल आताच द्यावा की थोडा थांबवावा, बियाण्यासाठी किती राखून ठेवावे, अशी बोलणी घरोघरी चालतात. मुले ती ऐकतात; पण त्यांतील काळजी त्यांना कळतेच असे नाही.

अशाच एका घरात दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून मामेभाऊ आला आणि त्याने मोनोपॉलीचा पट आणला. घरात सहावीत शिकणारा एक मुलगा, त्याची धाकटी बहीण आणि आजोबा. शेजारचा मित्र आला आणि चौघांचा डाव ओसरीवर मांडला गेला.

मामेभावाने नियम सांगितले. पटाच्या कडेने चाळीस चौकोन. प्रत्येकाला आरंभी सारखेच पैसे. दोन फासे टाकायचे आणि दान पडेल तितके पुढे जायचे. जागेला मालक नसेल, तर ती विकत घ्यावी. नको असल्यास तिचा लिलाव होतो. दुसऱ्याच्या जागेवर पाऊल पडले, तर भाडे द्यावे. एका रंगाच्या सर्व जागा एकाच्याच हाती आल्या, म्हणजे त्याला त्यांवर घरे बांधता येतात आणि भाडे भराभर वाढते. पैसे संपले, तर जागा पेढीकडे गहाण टाकावी. शेवटी ज्याच्याजवळ काहीच उरत नाही, तो खेळातून बाद.

पहिल्या डावात त्या मुलाने आपले पैसे घट्ट धरून ठेवले. तो नोटा वारंवार मोजी आणि फारच थोड्या जागा घेई. इतरांनी पट व्यापला, आणि त्याचे पैसे भाड्याभाड्याने निघून गेले. दुसऱ्या डावात त्याने याच्या उलट केले. जी जागा समोर आली, ती घेतली. तासाभरात तो पटावरील सर्वांत मोठा जमीनदार झाला. परंतु एक भाडे देण्याइतकीही रोकड त्याच्याजवळ उरली नाही. एकेक जागा निम्म्या किमतीत गहाण पडली आणि जमीनदाराचा पुन्हा भिकारी झाला.

तिसऱ्या दिवशी तो वही घेऊन बसला. दोन फाशांच्या मिळून ३६ जोड्या होतात. त्यांपैकी सात पडण्याच्या जोड्या ६, सहाच्या ५, आठच्या ५ आणि नऊच्या ४. पटावर सर्वांना वरचेवर जावे लागते असे ठिकाण म्हणजे तुरुंग. त्याच्यापुढे सहाव्या, आठव्या आणि नवव्या चौकोनांवर नारिंगी रंगाच्या जागा आहेत. म्हणजे तुरुंगातून सुटून पुढे निघणारा खेळाडू ३६ पैकी १४ जोड्यांनी एकाच दानात तेथे येऊन पडतो! महागड्या जागांपेक्षा या मध्यम किमतीच्या जागा अधिक उपयोगी, हे त्याच्या ध्यानात आले. दान कोणाच्या हाती नसते. परंतु त्याची शक्यता मोजणे आपल्या हाती असते.

मामेभाऊ याहून मुरलेला होता. पेढीजवळ सर्व मिळून ३२ च घरे असतात. मामेभाऊ आपल्या जागांवर चार-चार घरे बांधून थांबे. त्यांच्या मोबदल्यात हॉटेल मुद्दामच घेत नसे. त्यामुळे पेढीजवळची घरे संपत आणि हाती पैसे असूनही इतरांना बांधता येत नसे. नियमाप्रमाणे यात गैर काही नव्हते. धान्य कोठारात दडवून बाजारात टंचाई करणाराही याच वाटेने जातो.

आजोबा सुपारी कातरत हे सर्व पाहत होते. एकदा त्यांनी विचारले, “गहाण टाकलेली जागा सोडवायला काय पडते?”

“पेढीकडून घेतलेले पैसे आणि वर त्यांचा दहावा हिस्सा,” मुलाने सांगितले.

“दर वर्षाला?”

“नाही आजोबा, एकदाच.”

“मग तुमची पेढी फार दयाळू म्हणायची!” आजोबा हसले. पण क्षणभराने म्हणाले, “आपले नाल्याकाठचे शेत माझ्या वडिलांनी गहाण टाकले होते. ते सोडवायला अकरा वर्षे लागली. व्याज दर वर्षी येई. पाऊस मात्र दर वर्षी येत नसे.”

ही एकाच घराची कथा नव्हती. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले आणि इंग्लंडच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला. त्यामुळे आपल्याकडील कापसाचे भाव कडाडले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. १८६५ साली युद्ध संपले. भाव कोसळले आणि मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. खेड्यांतील कर्जे मात्र तशीच राहिली. १८७५ साली पुणे व नगर जिल्ह्यांतील शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. त्यानंतर १८७९ साली सरकारला दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

या खेळाचा जन्मही अशाच चिंतेतून झाला आहे. एलिझाबेथ मॅगी या अमेरिकन बाईंनी ‘जमीनदाराचा खेळ’ तयार केला आणि १९०४ साली त्याचे एकस्व मिळवले. मूठभर लोकांच्या हाती जमीन गेली, तर बाकीचे कसे नागवले जातात, हे लोकांना दिसावे, असा त्यांचा हेतू होता. त्यांनी नियमही दोन प्रकारचे केले. एका प्रकारात सर्वांना कंगाल करणारा जिंकतो. दुसऱ्यात संपत्तीचा लाभ सर्वांना मिळतो. ज्याच्याजवळ सर्वांत कमी होते, त्याची पुंजी दुप्पट झाली की खेळ संपतो. पुढे १९३५ साली पार्कर ब्रदर्स या कंपनीने ‘मोनोपॉली’ बाजारात आणली. जगभर पसरला तो पहिला प्रकार. दुसरा मागे पडला.

सुट्टीच्या अखेरच्या आठवड्यात त्या मुलाचा हिशेब फळाला आला. नारिंगी जागांवर त्याची तीन-तीन घरे उभी होती. मित्र बाद झाला, मामेभाऊही झाला. शेवटी बहिणीची सोंगटी तेथे येऊन पडली. तिच्याजवळ दोनच नोटा होत्या.

“दादा, बाकीचे उधार ठेव ना!” ती म्हणाली.

खेळाडूंनी एकमेकांना उधार देऊ नये, असा नियम होता. त्याने नियम पाळला आणि तो जिंकला. बहीण उठून आत गेली. पटावरील सारी नगरे त्याची होती. पण भाडे द्यायला तेथे आता कोणीच येणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी मामेभावाने मॅगीबाईंची हकीकत सांगितली, तेव्हा मुलांनी आपल्यापुरता एक नवा नियम केला. जमिनीचे भाडे मालकाला न देता पितळी वाटीत टाकायचे आणि प्रत्येक फेरीनंतर सर्वांनी सारखे वाटून घ्यायचे. तो डाव सावकाश चालला, भांडणेही झाली. परंतु कोणी बाद झाले नाही. “सगळेच जिंकले, तर आपण हरवले कोणाला?” बहिणीने विचारले. याचे उत्तर मात्र नियमांच्या कागदावर नव्हते.

पटावरील पैसा कागदाचा असतो. तेथे चुकलेला हिशेब डाव मोडताच पुसला जातो. काळ्या मातीत तसे होत नाही. तेथील फासे पाऊस आणि बाजार टाकतात, आणि एका चुकीचे व्याज पुढच्या पिढीला भरावे लागते. म्हणूनच सगळे जवळ धरू नये, सगळे गुंतवूही नये आणि कर्ज काढण्यापूर्वी फेडीचा विचार करावा, हे शहाणपण खेळातच मिळाले, तर ते स्वस्तात मिळाले म्हणावयाचे. त्याबरोबर आणखी एक गोष्ट शिकली पाहिजे. नियम माणसांनीच केलेले असतात. ते नीट समजून घेणारा डाव जिंकतो. पण त्या नियमांनी कोणाचे काय होते, हे पाहणारा माणूस गावाच्या अधिक उपयोगी पडतो.