राखीव ताकद

गाडी जुनी व्हायच्या आतच ‘हिच्यातून आणखी थोडी ताकद काढता येईल का?’ हा प्रश्न हौशी माणसाला पडू लागतो. कार्बोरेटरच्या काळी ओळखीचा मेकॅनिक जेट बदलून, स्क्रू पिळून ही हौस भागवी. आता इंजिनाचा सारा कारभार एका लहानशा संगणकाच्या हाती असतो. त्याला ‘ईसीयू’ म्हणतात. पान्याची जागा लॅपटॉपने घेतली आहे. हात काळे होत नाहीत, म्हणून यात जोखीमही नाही असे अनेकांना वाटते.

चेन्नईत नोकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एका मराठी गृहस्थांनाही तसेच वाटले. कर्ज काढून त्यांनी डिझेलवर चालणारी थार घेतली होती. २०२० साली आलेल्या या नव्या थारचे अभियांत्रिकी काम चेन्नईजवळ चेंगलपट्टूच्या महिंद्रा रिसर्च व्हॅलीत झाले आणि तिची बांधणी होते नाशिकच्या कारखान्यात. पत्नी नाशिकची. ‘‘गाडी माझ्या माहेरची आहे, जपून वागवा,’’ असे ती पहिल्याच दिवशी हसत म्हणाली होती.

रविवारी डोंगरातल्या कच्च्या वाटांवर जाणारी मित्रमंडळी भेटली आणि गप्पांत ‘ट्यूनिंग’ हा शब्द आला. एका गॅरेजवाल्याने हिशेब मांडला. इंजिन १३० अश्वशक्तीचे आहे, ते सहज १६० पर्यंत जाईल. तासाभराचे काम. त्याच्याकडे दाखलाही तयार होता: ‘‘स्कॉर्पिओ-एनमध्ये २.२ लिटरचेच डिझेल इंजिन सुमारे १७५ अश्वशक्ती देते की नाही, सर? मग तुमच्याच गाडीने कमी का द्यावी?’’

मुद्दा बिनतोड वाटला. घरी मात्र पत्नीने एकच प्रश्न विचारला, ‘‘अहो, पण ही जास्तीची ताकद येणार कुठून?’’

उत्तर मिळाले ते खालच्या मजल्यावरच्या तमिळ शेजाऱ्यांकडून. इंजिनांच्या कारखान्यात उमेदीची वर्षे घालवून ते निवृत्त झाले होते. त्यांनी कागदावर चौकटी आखल्या. इंजिन किती वेगाने फिरते आहे आणि चालकाने पेडल किती दाबले आहे, हे पाहून संगणक आपल्या कोष्टकातला आकडा उचलतो. डिझेल किती, कोणत्या क्षणी, किती दाबाने सोडायचे आणि टर्बोने किती हवा कोंबायची, हे त्यावरून ठरते. ट्यूनिंग करणारा हेच आकडे वाढवतो. डिझेल जास्त, हवा जास्त, म्हणून जोर जास्त. म्हणजे गॅरेजवाला खोटे बोलत नव्हता.

‘‘पण कंपनीला हे आकडे वाढवता येत नव्हते का?’’ शेजाऱ्यांनी विचारले. ‘‘तिने ते मुद्दाम मागे ठेवले. तीच गाडी लडाखच्या थंडीत जाते, राजस्थानच्या वाळूत जाते. कुठल्या तरी पंपावरचे हलके डिझेल पिते. मालक एअर फिल्टर वेळेवर बदलत नाही. हे सारे सोसूनही इंजिन वर्षानुवर्षे टिकावे, म्हणून ती राखीव ताकद. कंपनी स्वतः ताकद वाढवते तेव्हा क्लच, गिअरबॉक्स, थंडावा, धूर यांचा मेळ बसवून चाचण्या घेते. इथे फक्त आकडे बदलणार.’’

पत्नीला हे चटकन उमगले. घरखर्च भागत असताना मोडलेली ठेव हातात पैसे देते, पण घराची मिळकत काही वाढवत नाही.

चेन्नईच्या हवेचाही प्रश्न होताच. मे महिन्यात, ज्याला तिथे अग्निनक्षत्र म्हणतात त्या दिवसांत, पारा चाळिशी गाठतो. तापलेली हवा विरळ असते, तिच्यात प्राणवायू कमी. त्यात डिझेल वाढवले की ते पुरते जळत नाही, काजळी धरते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती लवकर तुंबते. टर्बोची उष्णताही वाढते. ‘मग गाळणीच काढून टाकू’ असा सल्ला देणारेही भेटतात. पण तो धूर शेवटी आपल्याच मुलांच्या छातीत जातो.

कायद्याची बाजूही हलकी नाही. कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत बेकायदा फेरफार करायला मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा कडक अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफार करणाऱ्या मालकाला दर फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. शिवाय इंजिन बिघडले तर हमी नाकारली जाऊ शकते, आणि विमा कंपनीपासून फेरफार लपवला असेल तर अपघातानंतर दावाही अडू शकतो. हप्ते मात्र चालूच राहतात.

गंमत म्हणजे कच्च्या वाटेवर अडचण ताकदीची नसतेच. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून गृहस्थांनी एका अनुभवी चालकाकडून चार धडे घेतले. फोर-व्हील ड्राइव्हचा ‘लो’ गिअर टाकला की चाकांना मिळणारा पीळ दोन-अडीच पटीने वाढतो. तीस अश्वशक्तीची भर त्याच्यापुढे फिकी. मऊ वाळूत टायरमधली हवा थोडी कमी केली की टायर पसरतो, गाडी रुतत नाही. फक्त डांबरी रस्त्यावर येताच ती पुन्हा भरून घ्यायची. चिखलात पेडल दाबण्यापेक्षा सोडण्याचे भान जास्त उपयोगी पडते.

वेगाचीच हौस असेल तर चेन्नईकरांना श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा शर्यतीचा ट्रॅक आहे. शर्यतीसाठी वेगळी गाडी बाळगणाऱ्याने तिच्या संगणकाशी खुशाल खेळावे. तिथे हमीची अपेक्षा नसते आणि मागच्या सीटवर मुले नसतात.

गृहस्थांनी ट्यूनिंगसाठी बाजूला काढलेले पैसे चांगल्या टायरांवर खर्च केले. दिवाळीला सामानाने भरलेली गाडी घेऊन कुटुंब नाशिकला निघाले. घाटात पुढच्या ट्रकला ओलांडताना इंजिनाने मागितला तेवढा जोर दिला आणि तापमानाचा काटा जागचा हलला नाही. कंपनीने मागे ठेवलेली ताकद नेमकी यासाठीच होती.